तिजोरीत खडखडाट असलेल्या शहरांची आखणी आणि सांगलीचे गुंठे

विष्णूघाट

गुंठेवारीचा (म्हणजे शेतजमिनीचे मंजुरीविना गुंठे पाडून विकण्याचा) विषय इथं दर पावसाळ्यात निघतो. चार दिवस शिव्याशाप होतात, फोटो पडतात, गणपती आले की सगळं शांत. यंदा जरा दुसरीकडून धरू. ज्या शहरांकडं आपल्यासारखाच पैसा नव्हता त्यांनी काय केलं आणि त्यातलं आपल्या कामाचं काय, एवढंच बोलायचं आहे. फ्लायओव्हर आणि नदीकाठची रोषणाई कृपया दुसऱ्या धाग्यावर.

पहिलं नाव कुरितीबा, दक्षिण ब्राझील. १९७१ मध्ये जाइमी लेर्नर हा वास्तुविशारद तिथला महापौर झाला. (निवडून आलेला नव्हे, लष्करी राजवटीने नेमलेला. मुद्दाम सांगतो, कारण पुढं कुणीतरी "असा माणूस आपल्याकडं पाहिजे" म्हणणारच आहे.) शहरातून नद्या जातात, पावसात पूर यायचा. पूरनियंत्रणाच्या पैशातून नदीला काँक्रीटच्या भिंती घालायच्या, हा सगळीकडचा रिवाज. यांनी तो पैसा नदीकाठची सखल जमीन घेण्यात घातला. तिथं बागा केल्या, बागांत तळी केली. बारिगी पार्क त्यातलंच. पाऊस झाला की तळं फुगतं, बाग पाण्यात जाते, ओसरलं की लोक पुन्हा फिरायला हजर. कुणाचं घर बुडत नाही, कारण तिथं घर बांधूच दिलेलं नाही. गवत राखायला मेंढ्या सोडल्या, मशीनचा खर्च वाचला.

आता सांगली घ्या. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर होतं. २००५ त्याआधीचं, २०२१ त्यानंतरचं. पाणी आधी कुठं शिरतं, मग कुठं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तरी त्याच सखल जमिनीचे गुंठे पडले, विकले गेले, त्यावर घरं उभी राहिली.

दुसरं उदाहरण चिलीतलं इकीके. तिथं २००४ मध्ये वास्तुविशारद अलेहांद्रो आरावेना आणि त्याच्या गटाने शंभरेक कुटुंबांसाठी घरं केली. माणशी नव्हे, कुटुंबामागे सरकारी अनुदान साडेसात हजार डॉलर, त्यातच जमीन, त्यातच नळ-गटार, त्यातच बांधकाम. एवढ्यात धड घर होत नाही. मग त्यांनी अर्धंच घर बांधलं. पण अवघड अर्धं: स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, जिना, भार घेणाऱ्या भिंती. उरलेल्या मोकळ्या अर्ध्यात ज्याला जसं जमेल तसं त्यानं वाढवायचं. आणि जागा शहराच्या मध्यावर, म्हणजे कामधंदा सुटला नाही.

माझं म्हणणं इतकंच. गरीब माणूस घर बांधतोच. कर्ज काढून, बायकोचं डोरलं मोडून, दिवाळीच्या बोनसला एक खोली असं करत बांधतो. त्याला जे एकट्याने कधीच जमत नाही ते गल्लीची रुंदी, गटाराचा उतार आणि पावसाच्या पाण्याची जागा. शहराने घराच्या मागं न लागता ही तीन कामं प्लॉट पडायच्या आधी करावीत. आपण नेमकं उलटं करतो.

* * *

चहाटळ

मेंढ्यांची कल्पना एक नंबर. फक्त टेंडर निघालं की मेंढ्या कागदावर चरतील आणि लेंड्या तेवढ्या बागेत सापडतील.

* * *

पंचगंगी

भावा, लेख झकास. पण सांगलीकरांनी पुराबद्दल बोलायचं आणि आम्ही कोल्हापूरकरांनी ऐकायचं? आमच्याकडंही पूररेषेत काय काय उभं आहे ते बघायला या एकदा, मिसळ माझ्याकडून.

* * *

विष्णूघाट

@पंचगंगी, मिसळ मान्य. पूररेषेचा मुद्दा आलाच आहे तर नवीन मंडळींसाठी सांगतो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत घर नको. बाग, मैदान, शेती चालते. म्हणजे बारिगी पार्क करायची परवानगी कागदावर आपल्याकडंही आहे. जागा मात्र त्याच कागदावर राहिली.

* * *

शामरावनगर_गल्ली

मी गुंठ्यातली. तुमच्या कुरितीबाचं मला काही माहिती नाही, पण गल्लीचं सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं आमचा प्रश्न पुराचा आहे. पूर कधीतरी येतो. आमचा प्रश्न दर पावसाचा आहे.

आमच्याकडं काळी माती. पाऊस झाला की पाणी जिरत नाही, तसंच साचून राहतं. मग गल्लीतले सगळे वर्गणी काढतात आणि डंपरने मुरूम आणून टाकतात. पहिल्या वर्षी बरं वाटतं. दुसऱ्या वर्षी तो चिखलात दबतो, पुन्हा वर्गणी, पुन्हा मुरूम. मध्ये कधीतरी निवडणूक येते, मग वरून खडी येते. असं करत करत रस्ता इतका वर आलाय की आमच्या घराला पूर्वी दोन पायऱ्या चढून जायचो, आता उंबरा ओलांडून खाली उतरतो. पाणी मग रस्त्यावर कशाला थांबेल? सरळ घरात. समोरच्यांनी गेल्या वर्षी जोतं चार फूट उचलून नवीन घर बांधलं, त्यांच्या छपराचं पाणी पण आता आमच्याकडं. त्यांना तरी काय बोलायचं, त्यांनी दहा वर्षं हेच सोसलं होतं.

जून ते सप्टेंबर गाड्या कोपऱ्यावरच्या डांबरी रस्त्याला लावायच्या. गॅसवाला तिथंच टाकी ठेवून फोन करतो. घंटागाडी आत येत नाही. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर रिक्षावाले नाव ऐकूनच नाही म्हणतात. पोरं शाळेचे बूट पिशवीत घालून चपलेवर कोपऱ्यापर्यंत जातात, तिथं नळ आहे, पाय धुवून बूट घालतात.

आणि एक. "सखल जागेत घर का घेतलं" असं इथं दरवर्षी एकजण तरी लिहितो. जानेवारीत जागा बघितली, वाळलेली होती. एजंटने सांगितलं सगळं होणार आहे. चांगल्या जागेचा भाव आम्हाला परवडत नव्हता म्हणून गुंठा घेतला, हौस म्हणून नाही.

* * *

खणभागी

ताई, शेवटचा परिच्छेद शंभर टक्के.

* * *

निवृत्त आरेखक

नोकरी नगररचनेच्या कागदांत गेली (गाव सांगत नाही), म्हणून दोन शब्द.

धागाकर्त्यांनी कुरितीबाचं उदाहरण दिलं त्यात खरी गोम जमीन विकत घेण्यात आहे. आपण जमीन विकत घेत नाही, आरक्षण टाकतो. विकास आराखड्यात हिरवा रंग भरला की बाग झाली असं वाटतं. १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा काय म्हणतो? आराखडा मंजूर होऊन १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपलं. पैसा नसतो, मुदत निघून जाते, जागा मोकळी होते. मधल्या काळात शेतकऱ्याने काय करायचं? त्याला ना धड भावाने विकता येत ना बांधता येत. मग तो एजंटला गाठून स्टॅम्पपेपरवर गुंठे पाडतो. सातबारावर वीस-वीस नावं सामाईक, मध्ये रस्ता म्हणून सोडलेली दहा-बारा फुटांची पट्टी, गटाराला जागाच नाही. नुसता शेतकरी लोभी असं म्हणून हा विषय सुटत नाही.

सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आणला. १ जानेवारी २००१ पूर्वीचे गुंठे, शुल्क भरा, प्रमाणपत्र घ्या. हेतू वाईट नव्हता, बँकेचं कर्ज, नळजोड सगळं त्यावर अडलेलं होतं. नंतर २०२१ मध्ये ती मुदत २०२० च्या डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. प्लॉट पाडणाऱ्याला यातून कळायचं ते कळलं: आज पाडा, उद्या नियमित होतंयच.

पैसा नसताना जमीन मिळवायचा मार्ग मात्र आपल्याच कायद्यात आहे. नगररचना योजना, ज्याला टीपी स्कीम म्हणतात. १९१५ च्या मुंबईच्या कायद्यापासून आहे, गुजरातने ती चालू ठेवली, आपण जवळजवळ सोडून दिली. शंभर एकर, तीस मालक. सगळ्यांची जमीन कागदावर एकत्र करायची, त्यातून रस्ते, गटार, मैदान, सखल भागातलं पाणी थांबायची जागा काढायची, आणि उरलेली जमीन नीट आखलेल्या प्लॉटच्या रूपाने त्याच मालकांना परत. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते, पण रस्ता आल्याने भाव वाढतो. कुणाला उठवलं जात नाही. २००१ च्या भूकंपानंतर भूज शहर असंच पुन्हा आखलं. तिथं लहान प्लॉटवाल्याची कपात कमी आणि मोठ्याची जास्त ठेवली, म्हणून गरिबाचा विरोध टिकला नाही.

हे गुंठे पडायच्या आधी सोपं असतं. पडल्यावर महाकठीण, कारण तीस मालकांचे हजार झालेले असतात.

* * *

मिरजेचा तंतू

काका, प्रतिसाद जपून ठेवला.

मी जरा थंड पाणी ओततो. परदेशी उदाहरणं देताना लोक अर्धी गोष्ट सांगतात. मेडेयीनचंच बघा, कोलंबिया. १९९१ मध्ये जगातल्या सर्वांत खुनी शहरांपैकी एक. २००४ मध्ये डोंगरावरच्या झोपडपट्टीला मेट्रोशी जोडणारी केबल कार सुरू झाली, मग गरीब वस्त्यांत देखणी ग्रंथालयं, २०११ मध्ये तेराव्या कम्युनात (म्हणजे वॉर्डात) उघड्यावरचे सरकते जिने. सगळं खरं. पण त्या शहराच्या मालकीची वीज-पाण्याची कंपनी आहे, ईपीएम. तिच्या नफ्यातला मोठा वाटा दरवर्षी शहराला मिळतो. आपल्याकडं असली दुभती गाय कुठाय? आणि सगळ्यात गाजलेलं ग्रंथालय, एस्पान्या, २००७ ला उघडलं आणि दर्शनी भागाच्या दोषामुळं काही वर्षांत बंद करावं लागलं. फोटो मात्र अजून सगळ्या व्याख्यानांत फिरतोय.

कुरितीबातही शहर छान झालं, भाव वाढले आणि खूपसे गरीब हद्दीबाहेरच्या गावांत गेले.

* * *

विष्णूघाट

@मिरजेचा तंतू, यातलं काही नाकारत नाही. ईपीएमचा मुद्दा तर मूळ लेखातच यायला हवा होता इतका महत्त्वाचा. पण मेडेयीनमधून केबल कार उचलायची नाहीच. आपल्याकडं डोंगर नाही, सांगली-मिरज सपाट. उचलायचं ते हे की चांगलं काम आधी सगळ्यात वाईट वस्तीत केलं. आपल्याकडं पेव्हर ब्लॉक बदलतात ते विश्रामबागेच्या बाजूला, जिथं आधीचेही धड असतात.

* * *

चहाटळ

वडापवाल्यांना केबल कार दिली तरी चौदा माणसं भरल्याशिवाय सोडणार नाहीत.

* * *

इंदूरवासी

मूळचा माधवनगरचा, नोकरीमुळं इंदूरला. इथं अरण्य नावाची वसाहत आहे, वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी ऐंशीच्या दशकात आखलेली. १९९५ मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला. धाग्यात अर्ध्या घराचं कौतुक वाचलं, तर हे त्याच्या वीस वर्षं आधीचं आणि आपल्या देशातलं.

साधारण साडेसहा हजार प्लॉट. सगळ्यात लहान ३५ चौरस मीटरचा. म्हणजे आपल्या एका गुंठ्यात (१,०८९ चौरस फूट) असे जवळजवळ तीन बसतील. गरिबाला दिला तो प्लॉट, जोतं, संडास आणि नळाची जागा. वर तुम्ही बांधा. नमुना म्हणून ऐंशी घरं बांधून दाखवली, पायऱ्या अशा काढता येतील, ओटा असा. बाकी लोकांवर सोडलं. मी तिथून जातो तेव्हा मूळची आखणी घरांवर ओळखू येत नाही. दोन-तीन मजले चढलेत, खाली किराणा, शिलाई, मोबाइलचं दुकान. पण गल्ल्या आणि चौक मात्र जागेवर आहेत. वास्तुविशारद लोक नमुन्याच्या घरांबद्दल हळहळतात, मला उलट ते पाहून आनंद होतो.

@शामरावनगर_गल्ली ताई, म्हणजे गुंठा लहान हा तुमचा प्रश्नच नाही. तुमच्याकडं तिप्पट जागा आहे. तुम्हाला गल्लीच दिली नाही कुणी.

* * *

शामरावनगर_गल्ली

दादा, हे वाचून मिस्टरांनाही वाचून दाखवलं.

पण आता काय करायचं ते कुणी सांगेल का? काकांनी लिहिलंय पडायच्या आधी सोपं. आमचे पडून वीस वर्षं झाली.

* * *

खणभागी

ताई, त्यासाठी कराचीला जावं लागतंय. चिडू नका कुणी, काम चांगलं आहे म्हणून सांगतो.

ओरंगी म्हणून तिथं प्रचंड मोठी वस्ती, आपल्या गुंठेवारीसारखीच एजंटांनी पाडलेली. १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी तिथं काम सुरू केलं. लोक म्हणाले गटार पाहिजे, सरकार म्हणालं पैसा नाही. त्यांनी कामाचे दोन भाग केले. घरातला संडास, गल्लीतली पाईप आणि गल्ल्या जोडणारी लाइन, एवढं लोकांनी करायचं. मोठी मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण सरकारने. एकेक गल्ली, वीसेक घरं, गल्लीने आपल्यातलाच एक माणूस पैसे गोळा करायला नेमायचा. संस्था पैसे देत नव्हती. ती द्यायची नकाशा, लेव्हल आणि अवजारं. ठेकेदार मध्ये नसल्यामुळं सरकारी दराच्या कितीतरी कमी खर्चात लाइनी पडल्या.

आपल्याकडंही याच्या जवळचं काम झालंय. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सने सांगली-मिरजेच्या झोपडपट्ट्यांचे घरनिहाय नकाशे केले. घरोघरी संडास करताना त्यांची पद्धत अशी की साहित्य संस्थेचं, बांधून घ्यायचं कुटुंबाने.

* * *

वखारभागातला

म्हणजे घरपट्टी भरायची, विकास शुल्क भरायचं, आणि गटार पण आपणच खणायचं? मग ती इमारत आणि ते अधिकारी कशाला पाळायचे? असल्या उदाहरणांनी त्यांचं फावतं. लोकसहभाग हा शब्द ऐकला की मी खिसा सांभाळतो.

* * *

खणभागी

राग रास्त आहे. पण ताईंचा प्रतिसाद परत वाचा, वर्गणी आजही निघतेच आहे. दरवर्षी निघते आणि मुरुमाबरोबर मातीत जाते.

* * *

निवृत्त आरेखक

वखारभागातले दादा, मुख्य वाहिनीची जबाबदारी कुणी सोडू नये, त्यावर मी तुमच्या बाजूने मोर्चात येईन. ती नसेल तर गल्लीतलं गटार शेवटी शेरी नाल्याला आणि तिथून कृष्णेलाच जाणार, म्हणजे आपला चिखल खालच्या गावाला.

ताईंच्या "आता काय" वर मला सुचतं ते पैशाचं काम नाही. रस्त्याची पातळी ठरवून टाका. आज आपल्याकडं रस्त्याला रुंदी असते, उंची नसते. ज्याला जेवढी खडी मिळाली तेवढा रस्ता वर. खरं तर गल्लीच्या दोन्ही टोकांच्या विजेच्या खांबांवर पट्टा मारून लिहावं की रस्त्याचा माथा याच्या वर जाणार नाही. नवीन थर घालायचा तर जुना खरवडून काढा. नवीन घराचं जोतं त्या पट्ट्यापासून मोजा. एवढं झालं असतं तर समोरच्यांना चार फूट उचलायची आणि ताईंना घरात उतरायची वेळ आली नसती.

पट्टा कुठं मारायचा हे मात्र मोजल्याशिवाय ठरत नाही. सुरुवात गल्लीच्या तोंडापासून करू नका, पाणी शेवटी जिथं जातं त्या रस्त्याखालच्या मोरीच्या तळापासून करा आणि उलटं घरापर्यंत या. उघड्या गटाराला शंभर फुटाला सहा इंच उतार मिळाला तर भागतं. नाहीच मिळाला, तर गल्लीतला एखादा न बांधलेला गुंठा हेरून ठेवा, चार महिने पाणी तिथं थांबेल. शोषखड्ड्याच्या नादी लागू नका, काळ्या मातीत तो जिरवत नाही, नुसता डास पोसतो.

* * *

विष्णूघाट

काका, हा पट्ट्याचा प्रस्ताव मी मूळ लेखाच्या वर चिकटवतोय. बारिगी पार्कपेक्षा हे आधी व्हावं. आणि कुपवाड, बुधगावच्या बाजूला आज जिथं खुंट्या रोवल्या जातायत तिथल्या कुणी इथं असेल तर टीपी स्कीमचं एवढं तरी गावात बोला. वर्षभराने उशीर झालेला असेल.

* * *

शामरावनगर_गल्ली

मोरी आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडं आहे. तिथपर्यंतच्या लोकांना मी ओळखते, भिशी एकच आहे. पण मोजायचं कशानं? ते दुर्बिणीचं यंत्र भाड्याने आणायचं तर माणूस पण लागेल.

* * *

निवृत्त आरेखक

यंत्र नको. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. पाणी भरताना बुडबुडा राहू देऊ नका, राहिला तर माप खोटं येतं. पाण्यात थोडी हळद टाका म्हणजे लांबून दिसेल. दोन माणसं दोन टोकांना, तिसरा वही घेऊन. पन्नास-पन्नास फुटांवर खांबाला, कंपाउंडला पेन्सिलने खूण करत या. उन्हात ठेवलेली पाईप आणि सावलीतली पाईप यांत पाणी सारखं राहत नाही, म्हणून सकाळी लवकर करा.

* * *

खणभागी

पाईप माझ्याकडं आहे, शंभर फुटी. रविवारी सकाळी येतो. काका, तुम्ही वही धराल का?

* * *

निवृत्त आरेखक

गुडघ्यांचं बघतो. मोरीपाशी खुर्ची ठेवली तर येतो.